बारावी माशी

“स्पिरिट? अहो सिस्टर, माश्यांना स्पिरिट लावलंत?” काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

मी वाटीकडे बघत राहिले. दोरे सुटले होते, पिसं तरंगत होती आणि तळाशी उघडेबोडके गळ पडले होते. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी. धुळकट डबी दिसली की माझे हात शिवशिवतात. ज्यांच्या शुश्रूषेला मी घरी येत होते, त्या काकांच्या टेबलावरच्या चपट्या डबीत मेलेल्या किड्यांसारखं टोकदार काहीतरी दिसलं. म्हटलं, जंतूंचं आगरच हे. सुया बुडवाव्यात तसं एकेक करून स्पिरिटमध्ये बुडवलं आणि कापसाने खसाखसा पुसलंही.

ते किडे नव्हते. काका घड्याळं दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या थंड ओढ्यावर ट्राउट धरायला जायचे. हा मासा भारी चोखंदळ, पण पाण्यावर उतरलेल्या माशीला भुलतो. म्हणून गळावर सशाचे केस, पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडण्याआधी काकांनी बांधलेल्या शेवटच्या बारा माश्या त्या डबीत होत्या. मासे धरायचा मोसम संपायला तीन आठवडे उरले होते आणि डॉक्टरांनी कशीबशी एका सकाळची परवानगी दिली होती. त्या एका सकाळसाठी काका सहा महिने माझे व्यायाम मुकाट सोसत होते. मी त्यांच्या तोंडचा घासच काढून घेतला होता.

“दुकानातल्या आणू या,” काकू म्हणाल्या.

“दुकानातल्या माशीला मासा लागला तर तो दुकानदाराचा.” काकांची जीभ अजून जड होती, पण हट्ट ठणठणीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “किती पुसल्या?”

“अकरा.”

“आणि बारावी?”

“तेवढ्यात तुमच्या व्यायामाची वेळ झाली.”

काका हसले. “चला, त्या व्यायामाचा काहीतरी उपयोग झाला. पण एकीच्या भरवशावर कुणी ओढ्यावर जात नाही. पहिल्या झुडपातच अडकते ती.”

मी रडायच्या बेतात होते. आयुष्यात जे काही शिकले ते बोलणी खाऊन शिकले. चूक झाली की मान खाली घालायची, एवढंच ठाऊक. काकांनी डाव्या हाताने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

“बसा. शेवटच्या गाठीवर मी लाखेचा थेंब लावतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे तुम्हाला कोण सांगणार? पण गाठ पक्की असती तर लाख गेली तरी सुटली नसती. घाई केली मी. निम्मी चूक माझी.”

निम्मी चूक माझी, असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं.

एक माशी अर्धवटच सुटली होती. ती त्यांनी मला टेबलाच्या कडेला बसवलेल्या चिमट्यात अडकवायला लावली. “आता उलगडा. एकेक वेढा, मोठ्याने मोजून.” आधी डोक्याचे वेढे सुटले, मग पिसाचे, मग सशाचे केस, सगळ्यात शेवटी शेपटी. “शेवटी सुटलं ते आधी बांधायचं,” काका म्हणाले. “झाली की शिकवणी निम्मी!”

उरलेल्या निम्मीने मात्र माझा घाम काढला. पहिल्या दिवशी दोरा तीनदा तुटला.

“सिस्टर, रक्त थांबवायचं नाहीये,” काका म्हणाले. “हलक्या हाताने.”

“रिकामटेकडी माणसं माश्या मारत बसतात,” काकू आतून ओरडल्या, “आमच्याकडची बांधत बसतात!”

दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करा म्हटल्यावर मी शिसारीने मागे सरकले. जगाला हात धुवायला लावणारी बाई, थुंकी लावू? चौथ्या दिवशी मात्र काकांचं लक्ष नाही असं पाहून पटकन लावली. “दिसलं,” वर्तमानपत्राआडून आवाज आला.

त्या दिवशी माझी पहिली माशी पुरी झाली. मी ऐटीत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, फिरवली आणि परत दिली. बांधण्याच्या भरात मी गळाचं नेढंसुद्धा दोऱ्याने बुजवून टाकलं होतं.

“नेढ्यापाशी जागा सोडा. सगळी जागा आपणच भरली तर दोरी ओवायची कुठून?”

पुढे मी सात माश्या बांधल्या. एकीचं पीस कलतं, एकीची शेपटी आखूड. पण सातही नेढी मोकळी होती.

ठरलेल्या सकाळी आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. काठावर खुर्ची मांडली. मी डबी उघडून त्यांची स्वतःची, बारावी माशी पुढे केली.

“ती राहू दे,” म्हणत त्यांनी माझी कलत्या पिसाची उचलली. “खरी माशी काय इस्त्री करून येते?”

डाव्या हाताने फेकलेली दोरी दोनदा झुडपात अडकली. दोन्हीदा काकू पदर खोचून सोडवून आल्या. तिसऱ्या फेकीला पाण्यावर बारीकसं वर्तुळ उठलं आणि काठी वाकली. काकांनी नकळत उजवा हात पुढे केला. सहा महिने हूं की चूं न करणारी दोन बोटं काठीवर मिटली. मी ती बोटं बघत होते. मासा किती मोठा होता ते काकूंना विचारा.

काठावर आला तेव्हा मलाही दिसलं, वीतभरच होता. मी हात ओले करून गळ काढला, त्याला पाण्यात सोडून दिलं.

“तुमचा मासा, सिस्टर,” काका म्हणाले.

थँक्यू म्हणायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

पुढच्या मोसमाआधीच काका गेले. तेराव्या-चौदाव्या दिवशी काकूंनी डबी माझ्या हातात ठेवली. त्यात माझ्या सहा होत्या आणि त्यांची एक. कलत्या पिसाची मात्र नव्हती. ती त्यांच्या शर्टाच्या खिशाला टोचलेली होती, ती काकूंनी तशीच त्यांच्याबरोबर जाऊ दिली.

घरातलं सगळं मी अजून स्पिरिटनेच पुसते. ती डबी तेवढी कोरड्या फडक्याने.