देवीचा श्वास आणि उदाचा विटाळ

नवतपाची, उन्हाळ्यातल्या सर्वांत जाळणाऱ्या नऊ दिवसांची, भर दुपार. कावळाही सावली सोडायला तयार नव्हता, आणि कुहीजवळच्या त्या गावात मात्र अर्धं नागपूर लोटलं होतं. का? तर चिंचेतली देवी श्वास घेते म्हणे! खोडावर पितळी मुखवटा ठोकलेला. त्याच्या जाळीच्या तोंडातून गार झुळूक यायची, थांबायची, पुन्हा यायची, आणि आत गुं-गुं नाद घुमायचा. "आई फुंकर घालते आहे! ताप, बाधा, नजर, सगळं उडालं समजा!" श्वासानंद महाराज ओरडत होते. सीताबर्डीचे दुकानदार दुकानाला कुलूप लावून आले होते. अक्कलही बहुधा आतच राहिली होती.

दामिनी कुहीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. प्रशिक्षणाहून घरी आली, तर लेकीला, चिमुकल्या ऋतुजाला, ऊन लागलं म्हणून सासूबाईंनी, रुख्माबाईंनी, देवीपुढे नेल्याचं कळलं. ती धावतच सुटली. पोर मुखवट्यासमोर निपचित पडली होती. अंगाला हात लावला तर चटका बसावा.

"आई, दवाखान्यात चला!"

"थांब वं! आता कुठं देवीचा श्वास लागून राहिला तिले," रुख्माबाई दटावून म्हणाल्या.

दामिनीने इकडे तिकडे पाहिलं. नारळ होते, ओटी होती, पाण्याने भरलेला रांजण होता. ऊद मात्र कुठेच नव्हता. गावची देवी आणि उदाशिवाय?

"महाराज, ऊद काहून नाही?"

"आईला धुराचा विटाळ!"

अगं बाई! दामिनीने रांजणाकडे पाहिलं. मधमाश्या काठावर पाणी पिऊन थेट झाडामागच्या पडद्याकडे उडत होत्या. तिने पडदा ओढला.

"भस्म होशील!" महाराज किंचाळले.

ती काही भस्म झाली नाही. मागे ढोलीचं तोंड होतं आणि आत भलं मोठं पोळं.

"पाहा गा सारे! पोळं फार तापलं तं आतली पिल्लं मरतात. म्हणून या माश्या पाणी आणून आत पसरवतात, पंखांनी वारा घालतात. कोंदट हवा मुखवट्यामागच्या भोकातून बाहेर ढकलतात, मग थांबतात, तवा ताजी हवा आत येते. हाच तुमचा श्वास! बाहेर भट्टी पेटली आहे, म्हणून तो गार लागते. धुरानं माश्या बिथरल्या असत्या अन् याचं बिंग फुटलं असतं!"

"माश्याही आईचंच रूप..." महाराज पुटपुटले. पण लोकांचे डोळे दुसरीकडेच होते. पडद्यामागे महाराजांच्या बसायच्या जागी कूलर घरघरत होता, आणि शेजारी ओआरएसच्या पुड्यांचा खोका.

"मुडद्या! तुले ऊन लागलं तं तू हे पेतं, अन् आमच्या लेकरायले फुंकर?" रुख्माबाई कडाडल्या. मग नातीला उचलताना त्यांना रडूच फुटलं. "माह्या हातानं मारली असती वं मी हिले. ऑटो पाहा कोणी, लवकर!"

दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळी ऋतुजाने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे दामिनीच्या जिवात जीव आला. बाहेर जमलेल्या बायांना तिने एवढंच सांगितलं, "देव माना, माही ना नाही. पण लेकरू तापलं तं आधी डॉक्टरकडे न्या. अन् कोणी चमत्कार दाखवला तं बिनधास्त विचारा, हे होते कसं? विचारल्यानं देवी कोपत नाही. कोपते तो बाबा!"