मनगटाचं माप

सक्करदऱ्याच्या तलावावरून येणारा थंड वारा मायाला सोसेना, तेव्हा प्रेमानंदनं तिची खाट आपल्या कामाच्या खोलीत आणून टाकली. तिथं दिवस मावळेस्तोवर ऊन असायचं. एका भिंतीला ती, समोरच्या भिंतीला त्याचं टेबल, त्यावर कातड्याची गुंडाळी, टोचा, मेणाची वडी, हातोडी. मौद्याच्या वीज केंद्रातली नोकरी संपली आणि त्याला हा नाद लागला. पाकिटं शिवायची, चष्म्याची घरं शिवायची आणि नात्यागोत्यात वाटून टाकायची.

मायाची थोरली बहीण शोभाताई आली की टोमणा मारल्याशिवाय चहा घेत नसे. "आज्यानं दीक्षा घेतली, मेल्या ढोरायचं काम सोडलं. अन् नातू पेन्शन खाऊन कातडं कुरवाळत बसला."

"आज्यावर लादलं होतं वं अक्का," माया म्हणायची. "याइले आवडते. फरक हाय नं."

हे सगळं माया चालती-फिरती होती तेव्हाचं. आता दवाखान्यातून घरी आणून दिवाळी उलटून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी प्रेमानंदला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं. तो आत आला आणि मायानं त्याच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. तेव्हापासून तिला त्याच्याशी बोलायचं होतं. मी गेल्यावर कसं, काय, कोणाला कळवायचं, लेकीला, रीनाला, कसं सांभाळायचं. एवढंच बोलणं तिच्या मनात दळण घातल्यासारखं पडून होतं, पण जात्याला हात लावायला समोरचा माणूस तयार नव्हता. तिनं "मी म्हणते, पुढं..." एवढं म्हटलं की त्याला दूध उतू जाताना दिसायचं. नाहीतर फाटक वाजल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस ती म्हणाली, "माह्या घड्याळाचा पट्टा करून द्या नं. हा पार कोपरापर्यंत जाते."

प्रेमानंदचा चेहरा उजळला. औषध त्याच्या हातात नव्हतं, पट्टा होता. त्यानं चांगलं तपकिरी कातडं काढलं, कपाटातून मायाच्या मापाचा कागदी पट्टा शोधला आणि कापायला बसला.

कातडकाम करणाऱ्या हौशी लोकांच्या ग्रुपवर तेवढ्यात चिन्मयी नावाच्या पोरीनं विचारलं होतं, काका, पहिल्यांदाच पट्टा करते आहे, काही सांगा. प्रेमानंदनं फोन रेकॉर्डिंग लावून टेबलावर ठेवला आणि काम करता करताच सांगू लागला.

"बेटा, पोटाकडचं कातडं पट्ट्याले घेऊ नको, ते ताणते. पाठीकडचं घे. दोरा एक अन् सुया दोन, दोन्हीकडून शिवायचं. एकीकडचा टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवते. दोऱ्याले मेण लावल्याशिवाय हात लावू नको. कडा ओल्या करून लाकडानं घास, काचेसारख्या होतात. घाई करू नको, कातड्याले घाई समजत नाई. अन् एक ध्यानात ठेव. माप घरात पडलेल्या जुन्या पट्ट्यावरून घेऊ नको. ज्याले घालायचं हाय, त्याच्या हाताचं आजचं माप घे."

मायानं डोळे मिटून ऐकलं. मग आई जात्यावर म्हणायची ती ओवी तिच्या ओठांवर आली. आवाज असा, की उन्हातल्या धुळीलाही ऐकू जाऊ नये.

*ऊन गं उतरलं, माझ्या उंबऱ्याच्या खाली*
*सांगायाची गोष्ट, बाई सांगायाची राहिली*

प्रेमानंदनं हातोडी जरा जोरात मारली.

पट्टा झाला तेव्हा चार वाजून गेले होते. असा पट्टा त्यानं आजवर केला नव्हता. टाके मोत्यांच्या ओळीसारखे, कडा गुळगुळीत. घड्याळ अडकवून त्यानं तो मायाच्या हातात चढवला. शेवटच्या भोकात बक्कल लावलं. तिनं हात उचलला, तसं घड्याळ काठीवरून बांगडी सरकावी तसं थेट कोपराशी जाऊन थांबलं.

मायानं हात तसाच त्याच्यापुढे धरला.

"हे कोणाचं मनगट हाय जी?" मायानं विचारलं.

"तुहंच. कपाटात माप होतं नं."

"ते रीनाच्या लग्नातलं. त्या पोरीले सांगून राहिले आजचं माप घ्या, अन् स्वतः?"

"भरशील वं तू. जेवण वाढलं की हात भरते."

त्यानं मान वळवली. त्याला वाटलं आता ती रडेल. पण ती थकलेल्या माणसाला समजवावं तशी म्हणाली, "मी काही मागून नाई राहिली तुम्हाले. फक्त माह्या हाताकडे पहा. आज हाय तेवढा पहा."

प्रेमानंद टेबलाकडे वळला. मग त्यानं वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि खाटेच्या काठावर बसला. पट्टी तिच्या मनगटाला गुंडाळली. केवढा तरी कागद उरला. सवयीनं त्यानं आपलं बोट कागदाखाली सरकवलं, आणि बोटाला तिची नाडी लागली. चिमणीच्या छातीसारखी.

"बोट काहून घालता?"

"बोटभर ढिलं ठेवा लागते."

"कशाले?"

"उन्हाळ्यात मनगट फुगते. पट्टा रुतते मग."

माया त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली. नागपूरचा उन्हाळा अजून लांब होता. अजून संत्र्यांचे ढीगही बाजारात पुरते लागले नव्हते.

"काढून घ्या बोट," ती म्हणाली.

त्यानं काढलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं त्याचं बोट धरलं आणि कागदाखालून हळूहळू ओढून काढलं. कागद मनगटाला टेकला. पेन्सिलीची खूण कागदावर पडायच्या आधी तिच्या हातावर पाणी पडलं. ती त्याला रडू देत राहिली, तलाव जसा पाऊस पडू देतो तशी, काही न म्हणता.

मग त्यानं डोळे पुसले आणि नवा पट्टा कापला. भोकांची ओळ आखू लागला तर ती म्हणाली, "एकच पाडा."

त्यानं एकच पाडलं. बक्कल लागलं. घड्याळ बऱ्याच महिन्यांनी मनगटावर, जिथं असायला पाहिजे तिथं थांबलं.

प्रेमानंद टेबलाकडे परत गेला नाही. तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाला, "बोल. काय म्हणून राहिली होती तू, पुढचं?"

माया बोलू लागली. पांढरं लुगडं पेटीत खालच्या घडीला हाय, निळ्या काठाचं, नवं आणू नका. विहारातल्या भंतेजींना आधी सांगा, मग नातेवाइकांना. रीना रडेल तर रडू द्या, तिच्यामागं चहा घेऊन फिरू नका. शोभाक्का ओरडेल, तिच्याशी वाद घालू नका. रात्री भात खात जाऊ नका, तुमचं पोट दुखते. तो प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होता. एकदाच त्यानं विचारलं,

"अन् घड्याळ?"

"रीनाले. तिच्या मापाचा पट्टा करून द्या."

"मग हा?"

"हा राहू द्या. हा कोणाले येणार नाई."

ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. बोलता बोलता मायाचे डोळे मिटले, एक वाक्य अर्ध्यावर राहिलं. प्रेमानंद काठावर तसाच बसून राहिला, ती जागी झाली की उरलेलं ऐकायला.