चौथी जागा

विशाखाने सतरंजीची घडी उलगडली आणि विहाराच्या भिंतीपासून दारापर्यंत ओढून नीट केली. तिच्या वारलेल्या वडिलांच्या, त्रिंबकतात्यांच्या, पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली होती. मैत्रीभावना म्हणायला कुणीतरी पुढं बसायला हवं होतं.

"बस की, तुझ्या बापाचीच जागा हाय," वस्तीतला म्हाळूआज्जा म्हणाला. "तुला समदं तोंडपाठ. आमी नुसते मागनं साधू साधू म्हननारे."

ती बसली. तोंडपाठ होतं हे खरं. तात्या शिबिरातून ध्यान शिकून आले, तेव्हा ती शाळेत होती. रोज पहाटे ती इथंच त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. आधी श्वास, आला, गेला, एवढंच बघायचं. मग मैत्री, चार जागी. पहिली स्वतःला, दुसरी आपल्या माणसाला, तिसरी जो आपलाही नाही आणि परकाही नाही अशाला, चौथी वैऱ्याला. तात्या चक्क नावं घेत, तीही विहाराच्या कर्ण्यावरून. दुसऱ्या जागी विशाखा ठरलेली. तिसऱ्या जागी कधी पंक्चर काढणारा रहीम, कधी एस.टी.चा कंडक्टर. "कंडक्टर सुखी असोत, निर्वैर असोत," असं ऐकलं की तिला हसू फुटायचं. तात्या डोळे न उघडता म्हणत, "हसू आलं, तेवढं बघ. आन् परत ये."

चौथ्या जागी बिभीषणराव. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन.

ती आठ वर्षांची असताना यंदासारखाच दुष्काळ पडला होता. म्हैस छावणीच्या चाऱ्यावर कशीबशी तगलेली. तात्या सोसायटीचे सभासद झाले आणि पहिल्या दिवशी किटली तिच्या हाती देऊन दूध घालायला गेले. बौद्धवाड्यातलं दूध आपल्या दुधात मिसळणार, म्हणून रांगेत कुजबुज सुरू झाली. बिभीषणरावांनी तपासायची नळीसुद्धा आत बुडवली नाही. "पाणी हाय," म्हणाले, आणि सगळ्यांदेखत किटली उलटी केली. तापलेल्या मुरुमाला दूध प्यायला किती वेळ लागतो, ते तिला त्या दिवशी कळलं.

तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. स्वतःला. आईला. टँकरच्या ड्रायव्हरला. एवढ्यात दाराशी काठी वाजली, आणि तिने डोळे उघडले. बिभीषणराव उंबऱ्याच्या आत टेकत होते. ऐंशी पार केलेले, मान डुगडुगणारी.

विशाखा गप्प झाली.

"थांबलीच हाईस तर येक इचारतो, पोरी," ते म्हणाले. "न्हाईतर राहून जाईल. त्रिंबक कर्न्यावर माझं नाव घ्यायचा. सोसायटीत पोरं खिदळायची, 'काय चेअरमन, झालात का आज सुखी?' मी हितं भांडायला आलतो. तवापसनं त्यानं चौथ्या जागी नाव घेयाचं सोडलं. नुसता गप बसायचा. ती गप लई वर्सं ऐकली मी, वसरीवर बसून." त्यांनी दम घेतला. "शेवटाला मी कितव्या जागी व्हतो?"

कुणी हसलं नाही. विशाखाची आई भिवराबाई भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच बोलली.

"तिसऱ्या, नाना. कर्न्यावर न्हाई, मनातच घ्यायचे तुमचं नाव. मी इचारलं व्हतं यकदा, चौथ्या जागी आता कोन? म्हनले, कुनीच न्हाई. सवयीनं थांबतो."

"तिसऱ्या," बिभीषणराव पुटपुटले. "कंडक्टरसंगं."

"व्हय. रहीमच्या मागं."

आता बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बिभीषणरावांनी उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. मग सगळे विशाखाकडे बघू लागले.

तिसऱ्या जागी त्यांचं नाव घालायचं आणि पुढं जायचं, एवढंच तर होतं. तिने श्वास बघितला. तो छातीतच अडखळत होता, गरम. तात्यांना चौथी जागा रिकामी करायला अर्धं आयुष्य लागलं होतं. ती काही सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावून मिळणारी नव्हती.

"नाना," ती म्हणाली, "तात्यांच्या तिसऱ्या जागी असाल तुम्ही. माझ्या चौथ्याच जागी आहात."

"आगं, पोरी…" म्हाळूआज्जा कळवळला.

बिभीषणरावांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तिथंच घे मग," ते म्हणाले. "पर मोठ्यानं घे."

"बिभीषणनाना सुखी असोत," ती म्हणाली. पुढच्या शब्दापाशी, 'निर्वैर'पाशी, तिचा आवाज अडला. बिभीषणरावांनी काठी भुईवर आडवी ठेवली, हात जोडले, आणि ती तो शब्द म्हणेपर्यंत थांबून राहिले.