लवंगीच्या तोंडात काटा जाणार नाही

लवंगी माही घोडी. आता कागदावर ती माह्या बाबाची असन, पण चारा-पाणी, खरारा, लीद, सगळं माह्या हातचं, म्हणून माही. ज्याले पटत नाही त्यानं एक दिवस लीद काढून पाहावं, मग तोंड उघडावं.

आमी बाभुळगावचे घोडीवाले. लग्नसराईत नवरदेवाले घोडीवर बसवायचं अन् वाजतगाजत मारोतीच्या देवळापर्यंत न्यायचं, हा आमचा धंदा. आमी बौद्ध, त्याच्यानं पायरीपाशी आमचं काम संपते. बाबाचं नावच मारोती. लोक चिडवते, "नाव मारोती अन् देवळात येत नाही बुवा!" बाबा म्हणते, "मी आत आलो तर दोन मारोती होतीन, मंग तुमी नारळ कोणापुढं फोडसान?" असा माहा बाप. बोलाले गोड, पण घोडीच्या बाबतीत दगड.

बाबानं उभी हयात घोड्या नाचवल्या. कशाच्या जोरावर? काटेरी लगामीच्या. ज्यानं पाह्यली नसन त्याच्यासाठी सांगून ठेवतो. घोडीच्या तोंडात जी लोखंडाची दांडी बसते, तिले काटे राह्यते. दोर ओढला का काटे जिभेत घुसते. घोडी मुंडकं वर फेकते, पाय आपटते, मागच्या दोन पायावर उभी होते. खालचे लोक म्हणते, वा रे वा, काय नाचते! लवंगीच्या मायची जीभ मधातून चिरलेली होती. कुटार खाता खाता तिच्या तोंडातून अर्धं खाली पडे. मी लहान होती, ते उचलून पुन्हा तिच्या तोंडात देई.

लवंगी आमच्याच अंगणात जन्मली. पंचकल्याणी, चारी पाय पांढरे अन् कपाळावर पांढरा पट्टा. ती उभी राहाले धडपडून राह्यली होती तेव्हाच मी बाबाले सांगून टाकलं, "इच्या तोंडात काटा जाणार नाही."

बाबा हासले. "भेवाशिवाय घोडं नाचत नाही, दीपे."

काहून नाचत नाही? म्या नाचवलं! कापूस निघाल्यावर मोकळ्या वावरात मोबाईलवर संदलचा, म्हणजे वरातीतल्या बाजाचा, ढोल लावायचा, गुडघ्यापाशी हात लावायचा, पाय उचलला का गुळाचा खडा. नाही उचलला तर नाही. राग नाही, छडी नाही. कधी कधी तर तीच मले कंटाळून निंघून जाय, बाभळीखाली उभी राहे. मी म्हणो, जाय माय, तुहा बी जीव हाये. तोंडात काहीच नाही, नुसती नाकावरून सुताची म्होरकी. गावातले पोट्टे हासत, "दीपमाला घोडीले ट्युशन देऊन राह्यली." द्या हासून. पुढच्या सराईपर्यंत लवंगी ढोल आयकला का जागेवर ठेका धरे, मान वाकवे, आडवी चाले. पाहणाऱ्यानं पाहत राहावं अशी.

पण माह्या भावाले, रवीले, ते पुरलं नाही. आजकाल लोकाईले खाट पाहिजे. वरातीच्या मधात खाट टाकायची, घोडी त्याच्यावर चढली पाहिजे अन् मागच्या दोन पायावर उभी राह्यली पाहिजे. त्याच्याबिगर व्हिडिओ बनत नाही म्हणे. पुसदचा प्रफुल्ल अशा घोड्या घेऊन जिल्हाभर फिरते. त्याचा लवंगीवर डोळा होता. तो घरी आला, रवीच्या बाजूले बसला अन् मले मोबाईल दाखवला. "हे पाह्य ताई. फॉरेनचे लोक. टोप्या घालून, कोट घालून घोडे नाचवते. मेडल भेटते त्याईले. तू कोण लागून गेली मोठी?"

म्या पाह्यलं. घोडा देखणा होता, खोटं कायले बोलू. मैदानात असा पाय उचले का जसा पाण्यावर ठेवून राह्यला. पण त्याची मान वढून वढून पार छातीले टेकवली होती, अन् तोंडाच्या बाजूनं जीभ बाहेर, निळी पडलेली. म्या म्हणलं, "मेडल कोणाच्या गळ्यात टाकते, प्रफुल्लभाऊ? घोड्याच्या का टोपीवाल्याच्या? जीभ पाह्य त्याची."

"तिकडं बी लोक भांडूनच राह्यले त्याच्यावर," रवी मधात बोलला. "निरा बोंबा मारून राह्यले. खेळ काही बंद झाला नाही."

यवतमाळहून प्राणीवाले पोट्टे बी एकडाव येऊन गेलते. त्याईचं दुसरंच. "ताई, घोडी नाचवणंच बंद करा. सोडून द्या तिले." कुठं सोडू? डांबरी रोडवर? एक म्हणते रगत काढून नाचवा, दुसरा म्हणते नाचवूच नका, अन् दोघाईपैकी एकानंबी लवंगीले कधी पाणी पाजलं नाही. मी त्याईले चहा पाजला अन् बिदा केलं.

शेवटी बाबानं निवाडा केला. "मुकुटबनची वरात घेतली हाये. दीपा नेईन लवंगीले, काटेरी लगामीशिवाय. लोक खूश झाले तर घोडी तिची. वरात बिघडली तर प्रफुल्ल तिथूनच घोडी विकत घेऊन जाईन. मी सोता येतो पाहाले."

आता झाली का पंचाईत! म्या रातभर... जाऊ द्या. झोप नाही आली एवढंच.

मुकुटबनची पार्टी मोठी. नवरदेव रजत, बँकेत नोकरीले, चश्मेवाला, गरीब स्वभावाचा पोट्टा. अन् त्याचा मोठा बाप, म्हणजे बापाचा मोठा भाऊ, विठ्ठलराव, ज्याच्या शब्दाबाहेर वरातीतली कुत्रीबी भुंकत नव्हती. कापसाचं, तुरीचं, सोयाबीनचं वावर त्याचं, मांडव त्याचा, आवाजबी त्याचाच. मले पाहून म्हणाला, "बाई घोडी धरते?"

म्या म्हणलं, "घोडीबी बाईच हाये जी."

रजतले बसवलं. आमच्या इकडं एक रीत हाये. नवरदेव एकडाव घोडीवर बसला का देवळाच्या आधी खाली उतरत नाही. उतरला तर अपशकुन, पोरीवाले नावं ठेवते, जन्मभर बोलणं आयकाव लागते. म्हणून घोडीवाल्याची जबाबदारी मोठी.

संदलवाल्याईनं ढोलावर टिपरू हाणलं अन् लवंगीनं ठेका धरला. काय सांगू तुमाले! कपाळावरचा गोंडा हालून राह्यला होता, पाय कसे तालावर पडत होते, मुंडकं झुकवून ती एका बाजूनं दुसऱ्या बाजूले सरकत होती. बायका गच्चीवर आल्या. म्हाताऱ्याईनं दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. म्या बाबाकडं पाह्यलं. बाबा काठी टेकून वरातीच्या कडेले चालून राह्यले होते अन् त्याईची नजर लवंगीच्या पायावरून हालत नव्हती. माहं काळीज असं फुगलं! वाटलं, जिंकली मी.

तेवढ्यात चौक आला अन् विठ्ठलरावानं हात वर केला. "खाट आणा रे!"

चार जणाईनं खाट आणून मधात टाकली. म्या म्हणलं, "ते नाही होणार जी. लवंगी खाटीवर चढत नाही."

"काहून? नाचरी घोडी म्हणून सांगतली ना?"

"नाचलीच की आतापर्यंत. कोणाले विचारा."

"पाय हालवले म्हणजे नाच झाला का? पुसदच्या लग्नात घोडी अशी उभी झालती," त्यानं हात आभाळाकडं नेला. "अन् इथं म्हणे चढत नाही. नाचता येईना अंगण वाकडं!"

लोक हासले. संदलवाले थांबले. अन् गर्दीतून प्रफुल्ल पुढं आला, जसा का त्याले निवताच होता. पिशवीतून त्यानं काटेरी लगाम काढली. "मी चढवतो मालक. तुमी फक्त कॅमेरावाल्याले तयार ठेवा." रवीनं माह्या हातातली म्होरकी धराले हात घातला. "दीपे, सोड. तमाशा नको करू."

मी सोडली नाही. लवंगीनं ते लोखंड पाह्यलं, तिले ते माहीतबी नव्हतं, तरी तिनं कान मागं टाकले.

वरून रजत घाबऱ्या घाबऱ्या बोलला, "मोठे बाबा, मले नाही घोडी खडी करायची. मी पडन ना!"

"तू चूप बस. धरून बस घट्ट."

म्या म्हणलं, "विठ्ठलराव, एक काम करा. नवरदेवाले खाली उतरवा. मग आणा कोणची घोडी आणायची ते. मी माही घोडी घेऊन चालली घरी."

आता बोला! देऊळ अजून लांब, नवरदेव वर, अन् उतरवता येत नाही. विठ्ठलरावाचं तोंड असं झालं का जसं गरम भजं गिळलं. गच्चीवरची एक बुढी वरडली, "उतरवू नका रे पोराले, अपशकुन हाये!" पण माणूस अडला का जास्तच इरेले पेटते. तो वरडला, "मग घाला लगाम! वरात माही हाये!"

प्रफुल्लनं लवंगीचा जबडा धरला. अन् माहं डोस्कं फिरलं. म्या त्याच्या हातातून ती लगाम हिसकली.

"भेवाशिवाय नाचत नाही ना?" म्या बाबाकडं वळून म्हणलं. "या मग. पाहून घेऊ."

अन् ती दांडी म्या माह्या तोंडात घातली. चारशे लोकाईच्या मधात. दातात धरली, काटे जिभेवर. लोखंडाचा गंजका वास, त्याले जुन्या थुक्याची वकारी येणारी चव. डाव्या हातात लवंगीची म्होरकी, उजव्या हातानं लगामीचा दोर उचलून म्या बाबाच्या हातात दिला. बोलता येत नव्हतं. डोळ्यानंच म्हणलं, वढा.

बाबानं वढाचं ठरवलं नव्हतं, हे मी आजबी सांगतो. कोणी इचारलं तर सप्पा गावापुढं सांगीन. पण घोडीवाल्याच्या हातात दोर पडला का हात आपोआप आवळते. दोर ढिला राहू द्यायचा नाही, हे त्याईच्या बोटात भिनलं होतं. त्याईनं दोर धरला अन् मनगट वळलं. इतकंसं. जितकं ते रोज वळवत होते तितकंच.

माय वं! डोळ्यापुढं काजवे चमकले. काटे जिभेत घुसले अन् माहं मुंडकं वर गेलं. टाचा उचलल्या गेल्या. मी चवड्यावर उभी झाली, उजवा हात हवेत, अन् दुखणं चुकवासाठी जागच्या जागी पाय आपटाले लागली. एक, दुसरा, एक, दुसरा. मी करून राह्यली नव्हती, पाय करून राह्यले होते.

अन् गर्दीतून कोणीतरी शिट्टी मारली.

ती शिट्टी सगळ्याईनं आयकली. बाबाच्या हातातून दोर पडला. त्याईनं सोता माह्या तोंडातून दांडी काढली, ती निंघता निंघता अजून लागली. हनुवटीवरून रगत पातळावर पडलं.

"हात आपसूक वळला वं," बाबा म्हणले. "आपसूक वळला, दीपे."

"माहीत हाये मले," म्या म्हणलं. जीभ सुजली होती, शब्द बोबडे येऊन राह्यले होते. "तिची माय बी अशीच उभी होत होती, बाबा. लोक अशीच शिट्टी मारत होते."

बाबा रडले. तिथंच, चौकात, सगळ्याईपुढं. मी माह्या बापाले माय मेली तेव्हाबी रडताना पाह्यलं नव्हतं. मले त्याईची दया आली अन् रागबी आला. दोन्ही एकाच वेळेस.

प्रफुल्ल खाली वाकून लगाम उचलाले गेला. बाबानं तिच्यावर काठी टेकवली. "राहू दे ते. अन् घोडी विकाची नाही. जाय तू पुसदले."

"पण काका, शब्द दिलता तुमी. वरात बिघडली ना."

"बिघडली असन तर माह्यानं बिघडली. लवंगीनं काही बिघडवलं नाही. ती दीपाची हाये."

"अन् उद्या बुकिंग कोण देईन?" रवी दात खाऊन बोलला. "सगळ्या जिल्ह्यात व्हिडिओ जाईन हा!"

म्या म्हणलं, "जाऊ दे. ज्याले खाट पाहिजे त्यानं येऊच नाही. ज्याले नवरदेव देवळापर्यंत न्यायचा हाये तो येईन. नाही आला तर मी लवंगीले घेऊन वावरात नाचीन, पण काटा जाणार नाही."

वरून रजतचा आवाज आला. त्या पोट्ट्याले पह्यल्यांदाच कंठ फुटला होता. "मोठे बाबा, खाट उचलाले सांगा. मले ताईसंगच जायचं हाये."

विठ्ठलरावानं हातानं खूण केली. खाट उचलल्या गेली. संदलवाल्याईनं इचारलं, "वाजवू का ताई?" म्या म्हणलं, वाजवा, तुमचं काम हाये ते. ढोल वाजला. लवंगीनं मान खाली घातली अन् सरळ चालली. नाचली नाही. म्याबी तिले म्हणलं नाही.

देवळापाशी रजत उतरला, आत जाऊन आला, अन् कॅमेरावाल्यानं त्याले पायरीवर लवंगीपाशी उभं केलं. मी म्होरकी धरून बाजूले. विठ्ठलराव जवळ आला, खिशातला रुमाल माह्यापुढं धरला अन् हळूच म्हणाला, "तोंड पूस बाई. रगत फोटोत येऊन राह्यलं."

म्या रुमाल घेतला नाही. कॅमेऱ्याकडं तोंड केलं अन् म्हणलं, "येऊ द्या जी."