अकरा गाड्या आणि मी

मित्रांनो, लोक मला बैलगाडी म्हणतात, पण बैल शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. एरंडोलजवळच्या एका गावात बाभळीच्या लाकडातून मी जन्मले. तरुणपणी कापूस वाहिला, दोन नवऱ्या वाहिल्या आणि एकदा एक आजारी म्हैस. आता ती कामं ट्रॅक्टर करतो. मला वर्षातून एकच दिवस काम असतं. मरीआईच्या यात्रेत बारा गाड्या एकामागे एक बांधतात, त्यांवर अख्खं गाव चढतं आणि बैलांऐवजी एक माणूस त्या ओढत पळतो. त्याला भगत म्हणतात. बारावी गाडी मी. आम्हा कुणालाच ब्रेक नाही.

मी तीन भगत पाहिले. उखर्डू आबा फारसे बोलत नसत. आदल्या दिवशी येऊन प्रत्येक चाक हाताने हलवून बघत. गर्दी जास्त झाली की आधी स्वतःच्या बायकोला उतरवत, मग बाकीचे लाजेने उतरत. त्यांच्यानंतर लोटन नाना. ते इतके ओरडत, की आम्ही भीतीनेच पळत असू. चाकांकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. गुडघे गेल्यावर त्यांनी पद सोडलं, ओरडणं नाही.

यंदा पियुषची पहिली खेप. तो शिरपूरला नेतृत्वाचं तीन दिवसांचं शिबिर करून आला होता. तिथे सगळ्यांचं मत घ्यायला शिकवतात म्हणे.

यात्रेच्या दिवशी माझ्या उजव्या चाकाची खीळ पडली. चाक आसावर अडवून धरणारा बोटाएवढा लोखंडी तुकडा तो. पडताना मी पाहिला. माझ्यावर पंचवीस माणसं बसली होती, आणि मला तोंड नाही.

निघण्याआधी पियुष गाड्यांवरून नजर फिरवत माझ्यापाशी आला, वाकला आणि हळद माखलेला त्याचा चेहरा पांढरा पडला. नवी खीळ ठोकायची तर गाडी रिकामी हवी.

“बठ्ठा खाले उतरा! चाक ढिलं शे!”

कुणी हललं नाही. माझ्यावर वर्षभर कोंबड्या बसतात, त्या निदान हुश म्हटलं की उतरतात.

“माय, तू तरी उतर,” तो त्याच्या आईला, कुंदाबाईंना म्हणाला.

“सकायपासून जागा धरी बठेल शे मी! पहिले लोटन नानाले उतार.”

“आम्हना टाईमले चाक पडे, पन गाडी थांबे नही!” नाना वरूनच गरजले.

मग पियुषने शिबिरातलं काढलं. “कोन कोन उतरस? हात वर करा.”

पंचवीसही हात वर गेले. उतरलं कुणीच नाही. प्रत्येकाला शेजारचा उतरेल याची खात्री होती.

यानंतर त्याने कुणाला काही विचारलं नाही. मला अकराव्या गाडीला बांधणारा दोर सोडला, पळत पुढे गेला आणि अकरा गाड्या घेऊन सुटला.

“आमले सोडी गया रे!” म्हणत माझ्यावरच्या पंचवीस जणांनी रागाने एकदम उजवीकडून उड्या टाकल्या. चाक निखळलं. मी आडवी झाले. कुणाला खरचटलंही नाही.

“दखा!” नाना म्हणाले. “बारानी अकरा कऱ्यात. मरीमाय कोपनी!”

बाराच्या अकरा केल्या म्हणून देवी कोपली, हे गावाला लगेच पटलं. कुंदाबाईंनाही पटलं, त्या रडल्या. पियुष परत येऊन खीळ शोधत होता, पण ती कुणाच्या तरी चपलेखाली मातीत गेली होती. पुढच्या वर्षासाठी नानांचा पुतण्या ठरला. आवाज चांगला आहे म्हणतात.

मित्रांनो, न झालेला अपघात कुणाला दाखवता येत नाही, म्हणून तो टाळणाऱ्याचा सत्कारही होत नाही. माझं चाक पुन्हा बसवलंय, खिळीच्या जागी सुतळी बांधलीय. यात्रेला आलात तर माझ्यावर चढण्याआधी एकदा वाकून बघा, आणि दुसरं कुणी वाकून बघत असेल तर त्याचं ऐका. मला सांगता येत नाही.