पिवळ्या गुलाबाची भविष्यवाणी

"महाराज, आगीची भविष्यवाणी वाचून लोकांनी खाली 'किती गोड पिवळा गुलाब!' असं का बरं लिहिलंय?"

मैत्रिणींनीच डिवचलं होतं, "टकळे, एवढी बडबडतेस ना? मग भर सभेत विचारून दाखव!" इमारतीखालच्या पार्किंगमध्ये महाराजांची सभा भरली होती, आणि टकळीने उठून विचारलंच!

तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. चार दिवसांपूर्वी मध्यरात्री तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाकूंचं घर जळालं. काकू कशाबशा बाहेर पडल्या, घराचा कोळसा झाला. सकाळी सगळ्यांच्या फोनवर अग्निदर्शी महाराजांची पोस्ट, तारीख आदल्या दिवसाची: 'आज रात्री शिवणाऱ्या बाईच्या घरी आग! ती अपशकुनी आहे.' झालं! ऑनलाइन ज्याने त्याने अकलेचे तारे तोडले. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे काकूंनीच काडी लावली. आता त्यांना कुणी खोली देईना. बिचाऱ्या जिन्याखाली पथारी टाकून होत्या.

"बाळ," महाराज मधाळ हसले, "ज्याच्या अंतरी गुलाब, त्याला अग्नीतही गुलाबच दिसे!"

"वाऽ!" मागून टाळ्या.

"बेचाळीस जणांच्या अंतरी एकदम पिवळाच गुलाब? माझ्या आईच्याही? हो ना गं आई?"

आई चाचरली. "अगं, मी... मी खरंच फूलच पाहिलं होतं."

"बघा मग!" टकळी खुर्चीवरच चढली. "पोस्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'संपादित' लिहिलंय. त्यावर बोट ठेवा."

शंभर बोटं टेकली. शंभर फोनवर जुनी पोस्ट उमलली: 'सुप्रभात! पिवळा गुलाब, प्रसन्न दिवस.' मजकूर बदलल्याची वेळ? आगीनंतरची सकाळ, सात वाजून दहा मिनिटं!

"महाराज रोज एक फूल टाकतात. कुठे काही जळलं, की आदल्या दिवशीच्या फुलाची भविष्यवाणी करतात!"

"नेटवर्कची माया आहे ही, माया!" म्हणत महाराज एकाच पायात चप्पल घालून सटकले. हसून हसून लोकांची पोटं दुखली.

"पण मग आग लागली कशी?" पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं.

पाहणीला आलेला अग्निशमन जवान पुढे झाला. "एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर मशीनची मोटर, इस्त्री, पंखा, वर चिंध्यांचं गाठोडं. तार तापली, चिंध्या पेटल्या. झोपेत धूर नाकात गेला तर जागही येत नाही. आणि काल रात्री तुम्ही सगळे महाराजांचं लाइव्ह बघत झोपलात ना, तेव्हा फोन कुठे चार्जिंगला होता हो?"

"उशाशी," आजोबा पुटपुटले.

"उशीखाली," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

काकू मान खाली घालून बसल्या होत्या. टकळी खुर्चीवरून उतरली ती थेट आईबाबांसमोर.

"मी ठरवलंय. घर मिळेपर्यंत काकू माझ्या खोलीत राहणार. फोन यापुढे रात्री चार्ज होणार नाही, आणि तारीख-वेळ न तपासता कुणाच्या दुःखाची एकही पोस्ट आपल्या घरातून पुढे जाणार नाही. डोकं आहे ना, मग वापरूया की! आई, चल वर, अंथरूण घालू. बाबा, तुम्ही काकूंची पथारी उचला."