मुलांच्या बाटलीतला थेंब

शिक्षिकाबाईंचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली होती. वहीच्या कागदावर चार ओळी: ‘थेंबवाले काका, माझा उजवा डोळा गेला. मुलगा म्हणतो, मी तो चोळला म्हणून गेला. मी चोळला नव्हता असं वाटतं, पण आता माझीच खात्री राहिली नाही. त्या दिवशी तुम्ही कोणता थेंब घातलात, एवढंच कळवा.’

काकांनी कळवलं नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं आणि पुढे शब्दकोश उघडणंच सोडलं.

थेंब कोणता, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांचं काम एकच. बाकावरच्या पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करायच्या, म्हणजे डॉक्टरांना आतलं दिसे. तरुणांच्या बाहुल्या भराभर उघडत. म्हाताऱ्यांच्या वयाने बारीक झालेल्या. दोनदा थेंब घातला तरी ढिम्म. अशा वेळी डॉक्टरांना सांगायचं, असा नियम होता. पण सांगितलं की डॉक्टर चारचौघांत झापत, आणि काका मुळात मुखदुर्बळ. मग त्यांनी युक्ती काढली. लहान मुलांच्या चष्म्याचा नंबर काढायला ठेवलेला जालीम थेंब, ज्याचा अंमल आठवडाभर उतरत नाही, तो म्हाताऱ्यांना गुपचूप घालायचा. बाक भराभर रिकामं होई. बाईंच्या डोळ्यात मात्र पाणी निचरायची वाट आधीच अरुंद होती. बाहुली उघडली आणि ती वाट बुजली. दोन दिवसांत डोळा दगडासारखा कडक झाला.

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा काकांना आधी हायसं वाटलं होतं.

आता स्वतःचा मोतीबिंदू दाखवायला ते त्याच बाकावर बसले होते. थेंब घालायला एक नवी, बोलघेवडी नर्स होती. तिने बॅटरी मारून पाहिलं.

“आजोबा, बाहुली आहे की टाचणीचं टोक? दोनदा घातला, हलायचं नाव नाही!”

“वयाने होतं तसं,” काका पुटपुटले.

“मग पोरांचा घालते एक. आम्ही म्हाताऱ्यांना तोच घालतो. पूर्वी इथे कोणी थेंबवाले काका होते म्हणे, त्यांची युक्ती. डॉक्टरांना पत्ताही नाही!”

काकांनी डोळ्यावर हात धरला. “मला नको.”

“भित्रे कुठले! आजी, तुम्ही करा मान वर.”

शेजारच्या आजींनी मुकाट्याने मान वर केली. काकांच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत थेंब पडला होता.

जन्मात पहिल्यांदा ते न विचारता डॉक्टरांच्या खोलीत घुसले. आजींचं सांगितलं, युक्तीचं सांगितलं, शिक्षिकाबाईंचंही सांगितलं. डॉक्टरांनी आजींना आत घेतलं, डोळ्याचा दाब मोजला आणि त्यांना दाखल करून घेतलं. मग दार लावून ते काकांना म्हणाले, “आजींचं मी बघतो. जुनं उकरू नका. बाई तर गेल्या. आता कोणाचं भलं होणार आहे?”

“कोणाचंच नाही,” काका म्हणाले.

घरी येऊन ते लिहायला बसले. दोनदा घातलेल्या साध्या थेंबांचा अंमल उशिरा चढल्यामुळे कागद डोळ्यांत खुपत होता.

“कोणाला एवढं?” बायकोने विचारलं.

“बाईंच्या मुलाला.”

“त्याला? आईला उगाच बोल लावला, हे कळून जन्मभर जळेल की तो.”

“जळेल.”

“आणि तुम्ही मात्र मोकळे!”

काकांनी कागद पुढे ओढला. तीच वाक्यं त्यांनी तीनदा खोडून पुन्हा लिहिली: ‘तुमच्या आईने डोळा चोळला नव्हता. मी चुकीचा थेंब घातला, त्याने तो गेला. त्यांनी मला विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.’ खाली पूर्ण नाव आणि पत्ता घातला.

टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून ते तसेच उभे राहिले.

“टाकताय ना, आजोबा?” मागच्या माणसाने विचारलं.

“हो, हो,” काका म्हणाले, आणि बोटं सोडली.